उपदेशानं साखर उतरत नाही

खेड्यांत साठीपुढच्या माणसांमध्ये मधुमेह, रक्तदाब, पोटाभोवतीची चरबी हे सगळं वाढत चाललं आहे अशी बातमी आली, की तिच्यावरचा वाद दोन ठरलेल्या वाटांनी जातो. एका वाटेवरचे लोक म्हणतात, पूर्वीची माणसं राबत होती, पिकेल ते खात होती, म्हणून ठणठणीत होती. आता यंत्रं आली, पाकिटातलं खाणं आलं, अंग हलेनासं झालं, मग आजार होणारच. दुसऱ्या वाटेवरचे म्हणतात, हा अज्ञानाचा प्रश्न आहे. शिबिरं भरवा, पत्रकं वाटा, लोकांना शहाणं करा. दोघं तावातावानं भांडतात, पण मुळात त्यांचं एकमतच आहे: चूक म्हाताऱ्या माणसाची. एकाच्या मते त्याचा संयम सुटला, दुसऱ्याच्या मते त्याला कळत नाही. मला हे दोन्ही मान्य नाही. गावातला म्हातारा माणूस शहरातल्यापेक्षा जास्त चुका करतो म्हणून लवकर जात नाही. त्याची साखर आणि त्याचा रक्तदाब महिन्यामागून महिने कोणी पाहत नाही, औषध वेळेवर कमीजास्त करत नाही, म्हणून जातो. आजार जडण्याची कारणं पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी त्याच्या हातातली कधी नव्हतीच.

हे मी केवळ कळवळ्यानं म्हणत नाही. २०१४ साली ‘प्युअर’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १७ देशांतल्या ६२८ शहरी आणि ग्रामीण वस्त्यांमधली, ३५ ते ७० वयाची दीड लाखाहून जास्त माणसं त्यात होती आणि सरासरी चार वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलेलं होतं. रक्तदाब, साखर, धूम्रपान, खाणं, हालचाल अशा धोक्यांचा एकत्रित गुण काढला तेव्हा तो शहरांत जास्त भरला, गावांत कमी. म्हणजे सवयींच्या परीक्षेत गाव पुढे होतं. पण हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना मोजल्या तेव्हा शहरांत दर हजार माणसांमागे वर्षाला ४.८३ भरल्या आणि गावांत ६.२५. अशी घटना घडल्यावर दगावणाऱ्यांचं प्रमाण शहरांत साडेतेरा टक्के होतं, गावांत सव्वासतरा. देशादेशांतही हेच दिसलं: श्रीमंत देशांत धोक्याचा गुण सगळ्यात वर आणि मृत्यूचं प्रमाण सगळ्यात खाली, गरीब देशांत नेमकं उलट. धोका कमी असलेली माणसं जास्त मरत असतील, तर ती कशानं मरतात? सवयींच्या भाषेत या प्रश्नाला उत्तर नाही.

यावर कोणी म्हणेल, धोका गावांत कमीच आहे ना, मग एवढी हाकाटी कशाला? आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचा २०२१ चा अंदाज पाहिला तर प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण शहरांत १२.१ टक्के आणि ग्रामीण भागात ८.३ टक्के आहे. फरक खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण तो टिकणारा नाही. १९८५ ते २०१७ या काळात जगभर उंचीच्या मानानं वजन जेवढं वाढलं, त्यातली निम्म्याहून जास्त वाढ ग्रामीण लोकसंख्येतली आहे, असं २०१९ मध्ये जगभरची मोजमापं एकत्र करून दाखवलं गेलं. शिवाय तरुण कामासाठी बाहेर पडतात आणि मागे राहतात ती वयस्क माणसं. म्हणजे आजार ज्या वयात जडतो तेच वय गावात साठत जातं.

‘पूर्वी राबत होते म्हणून ठणठणीत होते’ या विधानात एक जुनी फसगत आहे. आपल्याला ठणठणीत म्हातारे आठवतात, कारण जे ठणठणीत नव्हते ते म्हातारे झालेच नाहीत. हालचालीचा फायदा होतो यात शंका नाही. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्येच दाखवलं होतं. पण कष्ट हे कवच आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. फिनलंडच्या पूर्वेला नॉर्थ करेलिया नावाचा प्रांत आहे. जंगलात लाकूड तोडणारे आणि छोटी शेती करणारे लोक. त्यांच्याएवढी अंगमेहनत क्वचितच कोणी करत असेल. १९६० च्या दशकात हृदयविकारानं मरणाऱ्या पुरुषांचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या प्रदेशांत या भागाची गणना व्हायची. १९७२ मध्ये तिथं हे मृत्यू कमी करण्याचं काम सुरू झालं, तेव्हा डॉक्टर पेक्का पुस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकूडतोड्यांना आळशी ठरवलं नाही. ते दूधसंघांकडे गेले, मांसाचे पदार्थ बनवणाऱ्या कारखान्यांकडे गेले, महिला मंडळांकडे गेले. परिचारिकांनी रक्तदाब मोजायला आणि त्याचा पाठपुरावा करायला घेतला. पुढच्या पस्तीसेक वर्षांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकारानं होणारे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून जास्त घटले. माणसं तीच होती, गावं तीच होती.

आता ‘त्याच्या हातातली नव्हती’ असं मी वर म्हटलं त्याकडे येतो, कारण या वादात सगळ्यात दुर्लक्षित राहिलेली गोष्ट तीच आहे. आज सत्तरीत असलेल्या माणसाची साखर त्याच्या आईच्या गरोदरपणापासून ठरायला लागलेली असते. इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून सुइणी आणि आरोग्यसेविका घरोघर जाऊन प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन एका वहीत लिहीत होत्या. दशकांनंतर डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या वह्या मिळाल्या. वहीतली बाळं तोवर साठी ओलांडलेली माणसं झाली होती. जी जन्मताना आणि पहिल्या वर्षी हलकी होती, त्यांच्यात हृदयविकारानं मरण्याचं आणि साखर वाढण्याचं प्रमाण जास्त निघालं. नेदरलंड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली, तेव्हा पोटात असलेल्या बाळांच्या शरीराला पन्नाशीत साखर पेलेनाशी झालेली दिसली. चीनमधल्या १९५९ ते १९६१ च्या दुष्काळातल्या बाळांमध्येही तेच आढळलं, आणि ज्यांना पुढे भरपूर खायला मिळालं त्यांच्यात ते अधिक ठळक होतं. पुण्याजवळच्या खेड्यांत चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं नवजात बाळं मोजली, तेव्हा ती इंग्लंडच्या बाळांपेक्षा कितीतरी लहान होती, पण त्यांच्या अंगावर स्नायूंच्या मानानं चरबी टिकून होती. भुकेतून वाचण्यासाठी घडलेलं शरीर पुढे पोटभर अन्नाला तोंड देतं तेव्हा गडबडतं. जगातल्या खेड्यांमधली आजची म्हातारी पिढी मोठ्या प्रमाणावर अशाच भुकेत जन्मलेली आहे. तिला ‘तुम्ही खूप खाता’ असं सांगणं मला क्रूर वाटतं, आणि चुकीचं तर ते आहेच.

तो सल्ला शरीरशास्त्राच्या कसोटीवरही टिकत नाही. जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर उचलून घेणारी सगळ्यात मोठी जागा म्हणजे हाडांवरचे स्नायू. तिशीनंतर ते हळूहळू झिजतात, साठीनंतर जरा वेगानं. या झिजेला १९८९ पासून सार्कोपेनिया असं नाव आहे. वजनकाट्याला हे कळत नाही. स्नायू जातो, त्या जागी चरबी येते, काटा तोच आकडा दाखवतो आणि माणूस ‘माझं वजन तर तरुणपणीचंच आहे’ म्हणून निर्धास्त राहतो. अशा माणसाला सरसकट ‘कमी खा’ म्हटलं की तो आधी काय सोडतो? दात पडलेले असतात, चावायला त्रास होतो, प्रथिनांचं अन्न महाग असतं, तेच सुटतं. मऊ, पिष्टमय अन्न राहतं. स्नायू आणखी झिजतात आणि साखर आणखी चढते. ‘चाला’ म्हणावं तर गुडघे दुखतात. गुडघ्यांसाठी तो ज्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेतो, त्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात. एखाद्या अर्धशिक्षित माणसानं लगेच आराम पडावा म्हणून स्टेरॉइड दिलं असेल तर साखर थेट वर जाते, आणि ती का गेली हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगत नाही. म्हातारपणी तहान नीट लागत नाही; साखर वाढून लघवीवाटे पाणी जात राहतं आणि शरीर कोरडं पडतं. पायांना बधिरपणा येतो, जखम झालेली समजत नाही, ती चिघळल्यावर दिसते. या साऱ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. त्या उलगडायच्या तर समोर बसून, माणूस पाहून, त्याच्या गोळ्यांची पिशवी उलटी करून, पायांची तळवे पाहून उलगडाव्या लागतात. पत्रकात त्या मावत नाहीत.

विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मी टाळणार नाही. जीवनशैली बदलल्यानं मधुमेह खरोखर रोखता येतो. अमेरिकेतल्या मोठ्या प्रतिबंध चाचणीत, जिचे निकाल २००२ मध्ये आले, आहार आणि व्यायामानं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या औषधानं ते ३१ टक्क्यांनीच घटलं होतं. साठीपुढच्या लोकांत तर जीवनशैलीचा फायदा ७१ टक्क्यांवर गेला. म्हणजे म्हाताऱ्यांना सवयी बदलता येत नाहीत हेही खोटं. पण ही चाचणी झाली कशी, हे कोणी सांगत नाही. प्रत्येक माणसाला स्वतःचा मार्गदर्शक होता. सुरुवातीलाच त्याच्याबरोबर एकेकट्यानं सोळा बैठका झाल्या, नंतरही भेटी चालूच राहिल्या. माणूस चुकला, थकला, कंटाळला की दुसरं माणूस शेजारी होतं. त्या ५८ टक्क्यांचं श्रेय वर्षानुवर्षं चाललेल्या या सोबतीला जातं. गावातल्या म्हाताऱ्याला आपण निष्कर्ष तेवढा सांगतो आणि सोबत देत नाही. मग त्याचं वजन उतरलं नाही की म्हणतो, बघा, ऐकतच नाहीत!

दुसरा आक्षेप डॉक्टरांमधूनच येतो आणि तोही वजनदार आहे: म्हाताऱ्या माणसांना औषधांनी भरून टाकू नका. ‘ॲकॉर्ड’ या चाचणीत दहा हजारांवर मधुमेही होते, सरासरी वय ६२. त्यांच्यातल्या एका गटाची साखर औषधांनी अगदी खाली आणायचा प्रयत्न झाला आणि २००८ मध्ये तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला, कारण त्या गटात मृत्यू जास्त झाले. वाढलेली साखर वर्षानुवर्षं पोखरते, पण उतरलेली साखर एका रात्रीत घात करते. आणि घरात एकटी राहणारी ऐंशीची बाई, जी संध्याकाळची गोळी घेऊन न जेवता झोपली आहे, तिच्यासाठी हा धोका कागदावरचा नाही. म्हणूनच आता अशक्त वृद्धांसाठी साखरेचं लक्ष्य सैल ठेवतात. हे सगळं मला मान्य आहे. मात्र यातून ‘उपचार नको’ हे निघत नाही. २००८ मध्येच ‘हायव्हेट’ चाचणीनं ऐंशी वर्षांपुढच्या, वाढलेल्या रक्तदाबाच्या माणसांना साध्या गोळ्या दिल्या, तेव्हा एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी घटले. कुणाचं औषध वाढवायचं, कुणाचं अर्ध्यावर आणायचं, कुणाचं बंद करायचं, हे ठरवायला माणूस ओळखीचा लागतो. वर्षातून एकदा भेटणारा अनोळखी डॉक्टर फक्त गोळ्या वाढवू शकतो. कमी करण्याचं धाडस जवळून पाहणाऱ्यालाच होतं. जास्त औषधांची भीती ज्यांना वाटते, त्यांनी तर जवळच्या उपचाराची मागणी सगळ्यात आधी करायला हवी.

ग्रामीण गरिबांच्या आजाराचं खापर त्यांच्याच डोक्यावर फोडायची ही पहिली वेळ नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पेलाग्रा पसरला होता. कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, भ्रम व्हायचा आणि शेवटी मरण. होत होता तो कापूस पिकवणाऱ्या गरीब कुळांना आणि गिरणीवस्त्यांतल्या मजुरांना. अस्वच्छतेतून पसरणारा जंतू, असं एका आयोगानं सांगितलं. वंशशुद्धीच्या विचाराचे चार्ल्स डेव्हनपोर्ट यांनी १९१६ मध्ये तो काही घराण्यांच्या रक्तातला दोष ठरवला. सरकारनं १९१४ मध्ये पाठवलेल्या डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी एक साधी गोष्ट पाहिली: अनाथाश्रमांत आणि मनोरुग्णालयांत राहणाऱ्यांना पेलाग्रा होतो, त्यांची काळजी घेणाऱ्यांना होत नाही. जंतू असता तर त्यानं पगारी नोकर वगळले असते का? त्यांनी दूध, अंडी, मांस ताटात घातलं आणि रोग हटला. मग एडगर सिडनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञाबरोबर ते गिरणीवस्त्यांतल्या कुटुंबांची मिळकत आणि जेवण मोजत बसले. मिळकत खाली तसा पेलाग्रा वर. जमीन कापसाखाली होती, कुळाच्या ताटात मका, डुकराची चरबी आणि काकवी एवढंच उरत होतं. दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना ‘आमच्याकडे उपासमार आहे’ हे ऐकणं अपमानाचं वाटलं. गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारले. नायसिन हे जीवनसत्त्व १९३७ मध्ये सापडलं, १९४० च्या दशकात पिठात ते मिसळायला सुरुवात झाली आणि पेलाग्रा ओसरला. तोवर हजारो माणसं आळशी, घाणेरडी, हलक्या रक्ताची ठरून मेली होती.

तुलना शंभर टक्के जुळत नाही, हे मला माहीत आहे. मधुमेहाला पिठात मिसळण्याजोगं एक जीवनसत्त्व नाही. पण जवळ जाऊन केलेला उपाय चालतो का, याची उत्तरं आता खेड्यांतूनच आली आहेत. चीनमधल्या ३२६ गावांत सुमारे ३४ हजार लोकांवर एक चाचणी झाली. निम्म्या गावांत गावपातळीच्या डॉक्टरांना, ज्यांचं शिक्षण मर्यादित असतं, एक सोपी पायऱ्यापायऱ्यांची पद्धत शिकवली: रक्तदाब मोजा, अमुक असेल तर हे औषध, उतरला नाही तर पुढचं. औषध फुकट किंवा सवलतीत. वर देखरेखीला मोठे डॉक्टर. दीड वर्षानं या गावांत ५७ टक्के रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात होता, उरलेल्या गावांत २० टक्क्यांचा. तीन वर्षांनी हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटना तिसऱ्या हिश्शानं कमी झाल्या. चीनमधल्याच ६०० गावांतल्या दुसऱ्या एका चाचणीत, जिचे निकाल २०२१ मध्ये आले, पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा साठीपुढच्या आणि रक्तदाब असलेल्या लोकांच्या घरचं मीठ बदललं. चौथा हिस्सा पोटॅशियमचं मीठ असलेलं मिश्रण दिलं. पाच वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. ज्यांची मूत्रपिंडं बिघडलेली आहेत त्यांना हे मीठ देता येत नाही, म्हणून इथंही कोणीतरी माणूस पाहूनच ते द्यावं लागतं. इराणच्या गोलेस्तान प्रांतातल्या २३६ खेड्यांत एकाच गोळीत चार औषधं दिली. हृदयविकाराच्या मोठ्या घटना ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१९ मध्ये दिसलं. यांतल्या एकाही ठिकाणी म्हातारी माणसं आधी सुधारली आणि मग उपचाराला पात्र झाली, असं घडलेलं नाही.

‘गरिबाघरी औषध नीट घेतलं जाणार नाही, त्याला मोठ्या दवाखान्यातच यायला हवं’ हा तर्क क्षयरोगाच्या वेळीही होता. सेनेटोरियमची, म्हणजे क्षयरोग्यांना ठेवायच्या खास दवाखान्याची हवा, विश्रांती आणि सकस अन्न याशिवाय क्षय बरा होणार नाही, असं जाणती मंडळी मानत होती. मद्रासमध्ये १९५६ पासून काही रुग्णांना सेनेटोरियममध्ये आणि काहींना दाटीवाटीच्या, अपुऱ्या अन्नाच्या घरातच औषध दिलं. १९५९ मध्ये निकाल आला: घरी राहिलेले जवळजवळ तेवढेच बरे झाले. मात्र घरी औषध देणं म्हणजे गोळ्या देऊन मोकळं होणं नव्हतं. कोणीतरी नियमानं घरी जाऊन पाहत होतं. आज रक्तदाब आणि साखरेच्या बाबतीत नेमका हाच दुसरा भाग गाळून आपण पहिल्यावर चर्चा करतो.

पैसा मर्यादित आहे, तो आधी मुलांवर आणि साथींवर खर्च करावा, असंही म्हणतात. या आक्षेपापुढे मी थबकतो, कारण मुलं आधी हे मलाही वाटतं. पण मधुमेह असलेल्याला क्षय होण्याचा धोका दोन ते तीन पट असतो. साथ आणि साखर वेगवेगळ्या खात्यांत ठेवता येत नाहीत. जिथं आईबाप कामासाठी दूर आहेत, तिथं मुलाला शाळेत पोचवणारी आणि त्याच्या तापाला रात्रभर जागणारी आजीच असते. तिचा पाय कापावा लागला तर त्या मुलाकडे कोण बघणार? आणि गोळ्या महाग नाहीत. रक्तदाबाची आणि साखरेची जुनी, खात्रीची औषधं स्वस्तातल्या स्वस्तांपैकी आहेत. खर्च लागतो तो माणसाला: गावात फिरणाऱ्या, वही ठेवणाऱ्या, परत जाणाऱ्या माणसाच्या पगाराला. तिथंच आपण हात आखडतो.

म्हणून शिबिरांवर माझा राग आहे, तो शिबिरात राबणाऱ्यांवर नाही. एका सकाळी शंभर माणसांची बोटं टोचायची, चाळीस जणांना सांगायचं की तुमची साखर वाढलेली आहे, पत्रक हातात द्यायचं आणि गाडी निघून जायची. त्या चाळीस जणांना त्या दिवसापासून आजार आहे, पण उपचार नाही. काहीजण महिनाभराच्या गोळ्या घेतात, बरं वाटलं की सोडतात, कारण बरं वाटत असतानाही गोळी चालू का ठेवायची हे सांगायला त्यांच्या दारात कोणी येत नाही. अशा शिबिराची बातमी वाचताना मी एकच आकडा शोधतो: पहिल्या तपासणीत सापडलेल्यांपैकी किती जणांची साखर सहा महिन्यांनी, त्याच गावात, पुन्हा मोजली गेली. तो मला अजून कुठल्याच बातमीत सापडलेला नाही.